आर्क्टिकच्या बर्फाची जाडी ‘अंदाजपंचे’ काढत नाहीत

कोथरूडपासून हडपसरपर्यंत सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: सातशे किलोमीटरवरचा उपग्रह समुद्रावरच्या बर्फाची जाडी मोजूच शकत नाही, सगळं अंदाजपंचे दाहोदरसे. बर्फावरच्या हिमाचा आकडा तर पदरचाच घातलेला. आणि २०१२चा नीचांक अजून मोडलेला नाही, म्हणजे बर्फ सावरला. पाठवणाऱ्यांत मला आदर आहे अशी शिकलेली माणसं आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘जाडी दिसतच नाही, मग मोजणार काय?’ दिसत नाही, हे खरं. पण खडकवासला साखळीत किती टीएमसी पाणी आलं हे आपण पावसाळ्यात रोज वाचतो, तेव्हा ते पाणी तरी कुणी मापाने उपसलेलं असतं? पातळी वाचतात आणि तक्त्यावरून साठा काढतात. इथेही तसंच. युरोपचा क्रायोसॅट-२ हा २०१०मध्ये सोडलेला उपग्रह रडारचे स्पंद खाली पाठवतो आणि ते परतायला किती वेळ लागला ते मोजतो. बर्फाला पडलेल्या भेगांतून उघडं पाणी दिसतं. त्या सपाट पाण्यावरून येणारा प्रतिध्वनी तीव्र आणि टोकदार असतो, खडबडीत बर्फावरचा पसरट. त्यामुळे दोन्ही वेगळे ओळखता येतात. त्यांच्या उंचीतला फरक म्हणजे पाण्यावर आलेला बर्फ, ज्याला फ्रीबोर्ड म्हणतात. तरंगत्या बर्फाचा साधारण दहावा हिस्सा वर राहतो. दोन मीटर जाडी असेल तर वीसेक सेंटिमीटर. पुढचं काम आर्किमिडीजच्या तत्त्वाचं.

‘इतक्या उंचीवरून वीस सेंटिमीटर?’ हो. परतीच्या वेळेत तो फरक सव्वा नॅनोसेकंदाहून थोडा जास्त पडतो. एकेकट्या नोंदीत दहा सेंटिमीटरची चूक सहज असते, म्हणून महिनाभराच्या असंख्य नोंदींची सरासरी घेतात. शिवाय समुद्रात नांगरलेली, वर तोंड करून बसवलेली सोनार यंत्रं बर्फाचा बुडालेला भाग खालून मोजतात, आणि उपग्रहाचे आकडे त्यांच्याशी ताडून पाहिले जातात.

हिमाचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. मेसेजमधला तोच एक खरा वजनदार मुद्दा आहे. बर्फावर साचलेलं भुसभुशीत हिम लादीला खाली दाबतं आणि रडारच्या लहरीचा वेगही कमी करतं. ही चूक सरासरी काढून जात नाही. हिमाचे आकडे बरीच वर्षं सोव्हिएत संशोधकांच्या १९५४ ते १९९१ मधल्या नोंदींवरून घेतले जात. त्यांनी ते तरंगत्या बर्फावरच्या तळांवर राहून प्रत्यक्ष मोजले होते. म्हणजे आकडे जुने आहेत, पदरचे नाहीत. आता त्यावरही उपाय सापडलाय. अमेरिकेच्या आइससॅट-२ उपग्रहाचा हिरवा लेझर हिमाच्या वरच्या थरावरूनच परततो, तर क्रायोसॅटची लहर थंड, कोरड्या हिमातून बरीच खाली जाते. दोन्ही उंचीतल्या फरकातून हिमाची जाडी काढता येते, आणि त्यासाठी २०२०मध्ये क्रायोसॅटची कक्षाच बदलली. आपल्या इस्रोने फ्रान्सबरोबर २०१३मध्ये श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या सरल उपग्रहाची रडार लहरही हिमात फार खोल जात नाही, त्यामुळे अशा तुलनेत तिचाही उपयोग झाला.

राहिला २०१२चा नीचांक. तो सप्टेंबरमधल्या क्षेत्रफळाचा आहे, सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर. जाडीचा नाही. एका टोकाच्या वर्षाशी तुलना केली तर पुढची सगळी वर्षं चांगलीच दिसणार. आणि वाढ लपवली जाते असं कुणाला वाटत असेल, तर २०१३ पाहा. त्या वर्षी उन्हाळा थंड गेला आणि शरदातलं बर्फाचं घनफळ आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीपेक्षा साधारण एक तृतीयांशाने जास्त भरलं. ते क्रायोसॅटनेच दाखवलं आणि शास्त्रज्ञांनी छापलंही. पण पाणबुड्यांच्या जुन्या नोंदी आणि पहिल्या आइससॅटची मोजमापं एकत्र ठेवली, की मध्य आर्क्टिकमधली हिवाळी सरासरी जाडी १९८०मधल्या ३.६४ मीटरवरून २००८पर्यंत १.८९ मीटरवर आलेली दिसते.