मसाला तुमचा, नाव शेजाऱ्याचं

मसाल्याचा धंदा काढताय? मग मिरचीच्या नादी लागू नका. तिखटासाठी संकेश्वरी आणायची, रंगासाठी ब्याडगी मिसळायची, खोबरं भाजायचं, डंकावर कुटायचं, वर निपाणी-चिकोडीच्या दुकानदारांना वर्षानुवर्षं उधारीवर माल द्यायचा. तेव्हा कुठे गिऱ्हाईक नाव घेऊन मागणार. ही हमाली कुणीतरी आधीच करून ठेवलेली असते. आपण फक्त त्याच्या नावाला चिकटून बसायचं.

समजा, बाजारात ‘आत्याबाई मसाले’ जोरात आहे. तुम्ही ‘अत्तेबाई मसाले’ काढा. कुणी हटकलंच तर सांगा, आमचं नाव कन्नड आहे. अत्ते म्हणजे सासू, त्यांची आत्या वेगळी. कन्नडात आत्यालाही अत्तेच म्हणतात, ते आपण होऊन सांगायची गरज नाही. दोन भाषांत राहण्याचा एवढा तरी फायदा नको? फक्त कोर्टात नावं डोळ्यांनी बघतात तशी कानांनीही ऐकतात, आणि पाटीवरची लिपी बदलली म्हणून उच्चार बदलत नाही. पुढे ‘न्यू’ किंवा ‘श्री’ जोडलंत तरी चालेल. ‘अस्सल’ मात्र टाळा; ते वाचूनच गिऱ्हाइकाला पहिली शंका येते.

आता पाकीट. त्यांचं लाल, त्यावर पिवळी पट्टी आणि नऊवारीतली बाई. तुमचंही लालच ठेवा. बाईच्या हातातली परडी काढून मुसळ द्या, नथ काढा, पट्टी जरा तिरकी करा. चित्रकाराला सांगायचं, ‘सात फरक शोधा’मध्ये असतात तेवढेच फरक हवेत. ही युक्ती जुनी आहे. म्हैसूरच्या जे. पी. अँड कंपनीच्या बिस्किटांवर गाय, कोंबड्या आणि मुलगी होती, पार्ले ग्लुकोच्या वेष्टनावरही तेच होतं. 1972 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दोन वेष्टनं शेजारी ठेवून फरक मोजत बसायचं नसतं, एकंदर ठसा बघायचा. साध्या गिऱ्हाइकाला शेरलॉक होम्सची नजर नसते. पार्ले जिंकलं. पण तुम्ही कशाला घाबरता? दुकानात पोरगं येऊन म्हणतं, “लाल पाकीट द्या, बाईवालं.” दुकानदाराला तुमच्या मालात जास्त सुटतात, तो तुमचंच काढतो. “ह्येच काय वो?” “ह्येच की रे!” झाला व्यवहार.

त्यांनी नावाची ट्रेडमार्क (व्यापारचिन्ह) म्हणून नोंदणीच केलेली नाही असं कळलं तर पेढे वाटा, धारवाडचेच वाटा. (बेळगावात करून ‘धारवाड पेढा’ म्हणून विकू मात्र नका, त्या नावाला भौगोलिक मानांकन आहे.) नोंदणी नसली तरी ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवल्याचा, दावा लागतो, आणि त्यासाठी जुनी बिलं, जाहिराती, दुकानदारांचे जबाब पुरतात. तुमच्याकडे गेल्या दिवाळीचं छपाईचं बिल आहेच की.

स्वतः नोंदणीचा अर्ज करावा का? छे. व्यक्ती किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन टीएम-ए (ट्रेडमार्क नोंदणीच्या) अर्जासाठी मालाच्या एका वर्गाचे 4,500 रुपये पडतात आणि नोंदणी 10 वर्षं टिकते. एवढ्या पैशात चौकातला फलक होतो! शिवाय मसाला वर्ग 30, लोणचं वर्ग 29, खानावळ वर्ग 43, हे कोण लक्षात ठेवणार? त्यात कोल्हापूरकराचा अर्ज मुंबईला, निपाणीकराचा चेन्नईला. अर्जाआधी पोर्टलवर फुकट शोध घेता येतो. तो अजिबात घेऊ नका, ‘उच्चारसाधर्म्य’ निवडलंत तर आत्याबाई लगेच समोर उभी राहील. अर्ज केलातच, तर ट्रेडमार्क कार्यालयाचा परीक्षण अहवाल आला की एक महिन्यात उत्तर द्यावं लागतं. ते पत्र ईमेलच्या स्पॅममध्ये सुखाने झोपू द्या. नाव ट्रेडमार्क जर्नलात छापलं की 4 महिने कुणीही हरकत घेऊ शकतं. नोंदणी न करता पाकिटावर गोलातला ‘आर’, म्हणजे नोंदणी झाल्याची खूण, छापायला चित्रकार वेगळे पैसे घेत नाही. त्याबद्दल 2024 पर्यंत 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे, आता पैशांत दंड होतो, तो खर्च वेगळा.

भावाभावांत धंदा असेल तर सगळंच सोपं. वाटणीपत्रात विहीर लिहा, म्हैस लिहा, डंकाची मोटारसुद्धा लिहा, नावाबद्दल अक्षर लिहू नका. मग एकाच गल्लीत दोन ‘मूळ’ दुकानं निघतात. प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरायला कायद्यात मुभा आहे. ‘प्रामाणिकपणे’ हा शब्द वकील सांभाळतील.

वकील ‘नंदिनी’चा दाखलाही देतील. कर्नाटक दूध महासंघाची नंदिनी 1985 पासूनची, बंगळूरचं ‘नंदिनी डिलक्स’ हॉटेल 1989 पासूनचं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल हॉटेलच्या बाजूने दिला. फक्त पुढची पानं वाचू देऊ नका: तिथे माल वेगळा होता, अक्षरं आणि चित्रं वेगळी होती, नंदिनी हे पुराणातल्या गायीचं नाव, आणि दूध-दुधाचे पदार्थ हॉटेलच्या नोंदणीतून वगळले गेले. तुमचं म्हणजे मसाल्याशेजारी मसाला, एकाच फळीवर.

मग एक दिवस कोर्टाचा कमिशनर गोदामात येतो. आत्याबाई कोल्हापूरची आणि नोंदणीकृत असेल, तर ती दावाही तिथेच लावू शकते. तारखेला तुम्ही कोगनोळीचा टोल भरून जायचं. मनाई हुकूम एकतर्फी मिळालेला असतो. कमिशनर पाकिटं मोजतो, पंचनामा करतो, सील लावतो. छापील फिल्मचे रोल तसेच पडून राहतात. रंगागणिक एक छपाईचा सिलिंडर तुम्ही पुण्याहून करून आणलेला असतो. त्यावर कोरलेली मुसळवाली बाई दुसऱ्या कुठल्याच कामाची नसते. कांदा-लसणाचा मसाला सीलबंद खोलीत हळूहळू खवट होत जातो.

तेवढ्यात चिकोडीच्या दुकानदाराचा फोन येतो. “अत्तेबाई बंद झाली म्हणं? असू दे वो. ‘मावशी’ पण लई चालायलीय बघा इकडं.”