डिपस्टिकवर ऑइल वाढलं, आणि मी खूश झालो होतो

गेल्या एप्रिलमध्ये देवगडहून हापूसच्या साठ पेट्या घेऊन कोल्हापूरला निघालो होतो. नांदगाव तिठ्यापर्यंत गाडी व्यवस्थित होती. फोंडा घाट अर्धा चढलो आणि मीटरवर पिवळी लाइट लागली. पुढच्या वळणावर गाडीने ओढच सोडली. ॲक्सिलेटर तळाला लावला तरी दुसऱ्या गिअरवर रांगत होती. मागे एसटी, तिच्या मागे दोन चिऱ्याचे डंपर. दाजीपूरला पोचायला किती वेळ लागला ते आठवायचीही इच्छा नाही. आंबा पिकत आलेला होता, बाजाराची वेळ चुकली, आणि त्या पेट्यांना मिळालेला दर घरी सांगायची मला लाज वाटली.

बीएस-6 (गाड्यांच्या धुरावरचा सरकारी नियम) पिकअप घेतलेल्या आपल्याकडच्या बऱ्याच जणांकडून मी हीच कहाणी ऐकली आहे. कोणाची घाटात, कोणाची बंदरावर बर्फ भरताना. म्हणून सविस्तर लिहितोय.

1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 आलं. डिझेलमधलं गंधक 50 पीपीएमवरून 10 वर आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची जाळी बसली. मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी, धुरातली काजळी अडवणारी. अडवलेली काजळी कधीतरी जाळावी लागते. त्यासाठी जाळीत सहाशे डिग्रीच्या आसपास उष्णता लागते. गाडी मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एका लयीत धावली तर हे काम होऊन जातं. नाही धावली, तर इंजिन स्वतःच जादा डिझेल मारून जाळी तापवतं. याला रिजनरेशन म्हणतात, गॅरेजवाले नुसतं 'रिजन' म्हणतात.

आता आपली गाडी काय करते ते बघा. सकाळी बागेतून पॅकिंग शेडपर्यंत तीन किलोमीटर. मग जेटीवर, तिथे लिलाव होईपर्यंत इंजिन चालू. तिथून बर्फाच्या कारखान्यात, परत जेटी. चढ, उतार, वळण, समोर म्हैस, वेग वीस-पंचवीस. दिवसभर गाडी कामात असते, पण सलग पंधरा मिनिटं धावत नाही. रिजन सुरू होतं आणि मधेच आपण चावी फिरवतो. त्या वेळी पंखा जोरात फिरत असतो, इंजिनाचा आवाज नेहमीपेक्षा चढा असतो, खालून जळका वास येतो. आमची गाडी चालवणाऱ्या पोराला वाटायचं गाडी तापली. तो घाईघाईने बंद करायचा. बिचाऱ्याने गाडीची काळजीच घेतली होती. पण अर्धवट राहिलेलं रिजन पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं, जाळी तुंबत जाऊन गाडी ओढ सोडते, आणि प्रत्येक वेळी मारलेल्या जादा डिझेलपैकी थोडं न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं.

घाटात गाडी बसायच्या महिनाभर आधी मी डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी, काढून बघितली होती. ऑइल वरच्या खुणेच्याही वर. मला बरं वाटलं. जुनी गाडी ऑइल खायची, ही एक थेंब खात नाही, उलट भरलेली आहे. कणकवलीतल्या मिस्त्रीकाकांना हे सांगितलं तेव्हा ते हातातलं काम सोडून उठले. "ऑइल कमी झाला काय माणूस घाबारता, आणि वाढला काय खूश होता. अरे, ह्येच्यात डिझेल उतारला हा. ह्या ऑइल रवला नाय." त्यांनी डिपस्टिक माझ्या नाकाशी धरली. डिझेलचा वास स्पष्ट येत होता. पातळ झालेलं असं ऑइल बेअरिंगला धरत नाही, टर्बोला धरत नाही. इंजिन आतून झिजत राहतं आणि मीटरवर त्याची खूण दिसेल तेव्हा उशीर झालेला असतो.

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला, रिजन मारलं, ऑइल-फिल्टर बदललं आणि बिल हातात दिलं. वॉरंटीत का नाही, असं विचारल्यावर उत्तर आलं, "तुमची चालवण्याची पद्धत चुकीची आहे."

या एका वाक्याने मी हलून गेलो. मला पिकअप विकली ती देवगडात. विकताना विचारलं होतं, काय धंदा? आंबा आणि मासे, असं मी सांगितलं होतं. कर्जाच्या कागदावर तेच लिहिलं आहे. या लाइटचा अर्थ काय, रिजन चालू असताना गाडी बंद करायची नाही, ऑइल वाढलं तर धावत या, यातलं एक अक्षर कोणी बोललं नाही. गाडीसोबतचं पुस्तक इंग्रजीत. मला जमेल तसं वाचता येतं, पण गाडी चालवणाऱ्या पोराचं काय?

याच जाळीवरून ऑस्ट्रेलियात मोठा खटला झाला. ऑक्टोबर 2015 ते एप्रिल 2020 या काळात तिथे विकलेल्या टोयोटाच्या डिझेल हायलक्स पिकअप, फॉर्च्युनर आणि प्राडो मिळून सुमारे 2 लाख 64 हजार गाड्या. तिथली तक्रार आपल्या उलट होती. सतत ताशी शंभरच्या आसपास चालवल्यावर त्यांची जाळी नीट साफ होत नव्हती. 2022 मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने निकाल दिला की गाडी स्वीकारार्ह दर्जाची नाही, आणि तिची किंमत 17.5 टक्के कमी धरली. पुढे अपिलात भरपाईच्या आकड्यावर वाद चालू राहिला, पण दोषाचा निष्कर्ष टिकला. तिकडे गाड्या वेगात चालतात, इकडे रांगतात. दोन्हीकडे माणूस आपल्या रस्त्यावर, आपल्या कामासाठी, साधेपणाने गाडी चालवतो. ज्या रस्त्यासाठी विकली त्या रस्त्यावर गाडी चालली पाहिजे, एवढंच मागणं आहे.

काही जण सांगतात, जाळी काढून टाक, सरळ पाइप लाव, गाडीच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून घे. मला हे पटत नाही. कायद्यालाही ते मान्य नाही. आणि आमचा बाजार अरुंद, शाळेच्या दारातून गाडी जाते. ती काजळी पोरांच्या छातीत जावी असं मला वाटत नाही. जाळी हवीच. पण प्रत्येक पिकअपमध्ये हाताने रिजन मारायचं बटण हवं आणि ते कसं वापरायचं हे मराठीत सांगणारा माणूस हवा. तालुक्याला एक स्कॅनर हवा. बंद पडलेली गाडी टो करून साठ किलोमीटर नेणं मच्छीच्या धंद्यात परवडत नाही. आणि गॅरेजवाल्यांनो, ड्रममधलं कुठलंही ऑइल या गाड्यांत ओतू नका. कमी राखेचं ऑइलच लागतं, नाहीतर राख जाळीत बसते आणि ती कुठल्याच रिजनने जळत नाही.

'धंद्याची गाडी आहे, ग्राहक कोर्टात जाता येणार नाही' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे की स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत मोजत नाहीत. वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा न देणं हासुद्धा त्या कायद्यात उत्पादकाचा दोष आहे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, मुंबईला जायला नको. मुदत दोन वर्षं. राष्ट्रीय हेल्पलाइन 1915.

मी सर्व्हिस सेंटरचं जॉबकार्ड, बिलं आणि कर्जाचा कागद एका फाइलमध्ये लावला आहे. वॉरंटी का नाकारली ते लेखी मागितलं आहे, अजून आलेलं नाही.

पिकअपवाल्यांनो, उद्या सकाळी गाडी सपाट जागेवर, इंजिन थंड असताना डिपस्टिक काढा. ऑइल खुणेच्या वर असेल तर वास घ्या, तारखेसकट फोटो काढा आणि किती किलोमीटरला झालं ते इथे लिहा.