ज्याची फाईलच नाही, त्याचा स्कोअर कसा काढता?

आज सकाळी पेपर उघडला आणि आतून एक गुळगुळीत पत्रक खाली पडलं. नाशिकमधल्याच एका हॉस्पिटलचं. नाव लिहीत नाही, कारण आज यांचं आलंय, उद्या दुसऱ्यांचं येईल. इमर्जन्सीत आलेल्या पेशंटला किती धोका आहे हे म्हणे आता एआय काही सेकंदांत सांगणार, आणि त्यावरून आधी कोणाला बघायचं ते ठरणार. दिवसभर डोक्यातून जात नाहीये. जेवणं उरकून आत्ता लिहायला बसलेय. लांब होईल, पण वाचा.

माझी आत्या पेठ तालुक्यातली. गेल्या पावसाळ्यात तिला दम लागायला लागला. तिच्या मुलाने रात्रीच जीप केली आणि घाटातून, भर पावसात, तिला नाशिकला आणलं. मी परस्पर हॉस्पिटलला पोचले. कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर टॅबवर अशाच धोका सांगणाऱ्या प्रोग्रॅममध्ये माहिती भरत होता. बीपीचा त्रास? माहीत नाही. शुगर? कधी तपासली नाही. आधी अ‍ॅडमिट होता का? नाही. गोळ्या चालू? नाही. ऑक्सिजन 94. सगळं भरून झालं आणि स्क्रीनवर हिरवा रंग आला. लो रिस्क. "घरी न्या, सोमवारी ओपीडीत दाखवा."

आत्या तेव्हा खुर्चीच्या पाठीला हात टेकून, पुढे वाकून बसली होती.

आता मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे "तुम्हा लोकांना कॉम्प्युटरची भीती वाटते" हे मला कोणी ऐकवू नये. हे स्कोअर कसे निघतात ते मला कळतं. आधीच्या हजारो पेशंटच्या नोंदी घ्यायच्या, त्यातलं कोण वाचलं, कोण गेलं ते बघायचं, आणि नवा माणूस त्यातल्या कोणासारखा दिसतो ते काढायचं. गणितात काही खोट नाही. पण ज्यांच्या नोंदीच नाहीत त्यांचं काय? आत्याने साठी ओलांडेपर्यंत डॉक्टरचं तोंड पाहिलं नव्हतं, कारण डॉक्टर म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार आणि वर जीपचं भाडं. टॅबमध्ये त्याचं झालं "पूर्वीचा आजार: नाही". म्हणजे परवडलं नाही म्हणून जी कधी दवाखान्यात गेली नाही, ती यंत्राच्या लेखी ठणठणीत! हे लिहितानाही हात थरथरतोय.

आणि हे फक्त आपल्याकडचं रडगाणं नाही. अमेरिकेत हेच झालं. 2019 साली 'सायन्स' या संशोधन नियतकालिकात ओबरमायर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कोणत्या पेशंटला जास्तीची देखभाल द्यायची हे सुचवणारा एक प्रोग्रॅम तिथे सर्रास वापरात होता. माणूस किती आजारी आहे हे ठरवायला त्याने काय धरलं होतं? त्याच्यावर किती खर्च झाला ते! कृष्णवर्णीय लोकांवर मुळात खर्चच कमी होत आलेला, त्यामुळे स्कोअर सारखा असला तरी ते गोऱ्यांपेक्षा जास्त आजारी निघाले. हिशोब नीट केला असता तर जादा मदत मिळणाऱ्यांत त्यांचं प्रमाण 17.7 टक्क्यांवरून 46.5 टक्क्यांवर गेलं असतं. त्या प्रोग्रॅममध्ये वर्ण हा रकानासुद्धा नव्हता. आपल्याकडेही फॉर्ममध्ये "गरीब पेठ की नाशिकचा पैसेवाला कॉलेज रोड" असा रकाना नसतोच. गरज काय त्याची? बाकीच्या रिकाम्या रकान्यांतून ते कळतंच.

न्यूमोनियाचं उदाहरण तर मी वर्गात दरवर्षी सांगते. नव्वदच्या दशकात अमेरिकेत रिच करुआना आणि इतरांनी न्यूमोनियाच्या पेशंटला मृत्यूचा धोका किती, हे कॉम्प्युटरला शिकवलं. कॉम्प्युटर शिकला की दमा असेल तर धोका कमी! का, तर दम्याच्या पेशंटला डॉक्टर लगेच आयसीयूत हलवायचे, म्हणून ते वाचायचे. धोका कमी करणारी माणसं हिशोबात कुठेच नव्हती. त्या लोकांच्या हे वेळेत लक्षात आलं आणि त्यांनी ते मॉडेल पेशंटवर वापरलंच नाही. आपल्याकडे कोण बघणार आहे?

बरं, यंत्र रात्री तीन वाजता पेंगत नाही, हे मान्य. डोळ्याच्या पडद्याच्या फोटोवरून मधुमेहाचा परिणाम ओळखणारे प्रोग्रॅम चांगलं काम करतात, मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयासारख्या ठिकाणी ते तपासूनही झालेत, हेही मान्य. पुढे.

आत्याकडे वळते. तिथे एक सिस्टर होत्या, रिटायरमेंटला आलेल्या. त्या दुसऱ्याच पेशंटचं सलाईन बदलायला आल्या होत्या. जाता जाता थांबल्या. आत्याच्या घोट्याजवळ अंगठा दाबला, खड्डा पडला तो पडलाच. विचारलं, "मावशी, रात्री आडवं होता येतं का?" आत्या म्हणाली, "नाही गं बाई, गुदमरतं. आठ दिस झाले, भिंतीला टेकूनच निजते." हा प्रश्न टॅबमध्ये नव्हता. सिस्टरनी त्या डॉक्टरला बाजूला घेतलं आणि मोठ्या डॉक्टरांना फोन लावायला लावला. तासाभरात आत्या आयसीयूत. हार्ट फेल्युअर, फुप्फुसात पाणी.

त्या तरुण डॉक्टरवर माझा राग नाही. तेव्हा होता, आता नाही. सलग ड्युटी करून त्या पोराचे डोळे तारवटले होते. नंतर कॉरिडॉरमध्ये तो मला म्हणाला, "मॅडम, स्क्रीन हिरवी असताना सिनिअरना उठवायचं म्हणजे मला कारण द्यावं लागतं." खरी गोम इथे आहे! यंत्राचं ऐकलं आणि पेशंट गेला, तर कोणी विचारत नाही. यंत्राच्या विरुद्ध जाऊन पेशंटला ठेवून घेतलं आणि काही निघालं नाही, तर बेड अडवला म्हणून बोलणी खायची. अशाने पाच वर्षांत हात लावून बघणारा डॉक्टर उरेल का? आज जे शिकतायत ते घोट्यावर अंगठा कधी दाबणार?

माझा मामेभाऊ निफाडचा, द्राक्षवाला. बागेत हवामानाचं यंत्र बसवलंय, डाऊनीचा, म्हणजे पानांवरच्या बुरशीचा, धोका असला की मोबाईलवर मेसेज येतो. खूश आहे त्यावर. पण मेसेज आला नाही म्हणून तो बागेत जायचा थांबलाय का? रोज सकाळी जातो आणि पान उलटून बघतो. द्राक्षाच्या पानाला जेवढं मिळतं तेवढं माझ्या आत्याला नको?

आणि यंत्र चुकत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी: सेप्सिस, म्हणजे संसर्ग अंगभर भिनून जिवावर बेतणं, आधी ओळखणारं एक मॉडेल अमेरिकेत शेकडो हॉस्पिटलांत चालू होतं. मिशिगन विद्यापीठाच्या लोकांनी स्वतःच्या पेशंटवर ते तपासलं, 2021 मध्ये निकाल छापला. सेप्सिसच्या 67 टक्के पेशंटना त्याने ओळखलंच नव्हतं, आणि तरीही दाखल झालेल्यांपैकी 18 टक्के लोकांवर अलार्म वाजवला होता. कंपनीच्या ब्रोशरमध्ये हे दिसलं असतं का?

आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, 2023 मध्ये आरोग्यातल्या एआयबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढलीत. निर्णयावर माणसाची देखरेख हवी, असं त्यात आहे. कागदावर. रात्रीच्या कॅज्युअल्टीत ती देखरेख म्हणजे तीच सिस्टर, आणि ती रिटायर होतेय.

आत्या बरी आहे. अंगातलं पाणी काढायची गोळी घेते, मीठ कमी केलंय, त्यावरून सुनेशी भांडते. परवा फोनवर म्हणाली, "त्या सिस्टरबाईला आमच्याकडचे तांदूळ दे नेऊन." देऊन आले. सिस्टरना आधी आठवेचना कोण पेशंट ते. त्यांच्यासाठी तो रोजचाच दिवस होता. मला मात्र तिथे बोलता आलं नाही काही.

माझ्या इथल्या फ्रेंड लिस्टमध्ये नाशिकचे बरेच डॉक्टर आहेत, आरोग्य विद्यापीठातलेही आहेत. तुम्हाला थेट विचारते. तुमच्याकडे असं काही बसवलं असेल, तर ते कुठल्या पेशंटच्या नोंदींवर तयार झालंय? पेठ, सुरगाणा, त्र्यंबकचे किती होते त्यात? "माहीत नाही" आणि "नाही" यांना ते वेगळं धरतं का? आणि स्कोअर हिरवा असताना एखाद्या ज्युनिअरने पेशंट ठेवून घेतला, तर त्याच्याकडे खुलासा मागता का? हॉस्पिटलचं नाव कमेंटमध्ये नको, कोणाची नोकरी जायला नको. मला मेसेज करा, फोन करा, रात्री उशिरा केलात तरी चालेल.