लॅब नसली तरी अडत नाही
‘लॅब नाही तर संगणकशास्त्र नाही’ हे शाळेत संगणक शिकवण्याबद्दलच्या लेखातलं विधान साफ चूक आहे. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठाचं ‘सीएस अनप्लग्ड’ बघा: संगणकाशिवाय, खेळांतून संगणकशास्त्र शिकवायचं मोफत साहित्य. द्विमान पद्धत (फक्त ० आणि १ वापरून संख्या लिहिणं) शिकवायला पाच पुठ्ठे पुरतात: १६, ८, ४, २, १ ठिपके, मागची बाजू कोरी. पाच मुलं वर्गाकडे तोंड करून उभी करा. घोळ इथेच होतो: १६ चा पुठ्ठा वर्गाच्या डावीकडे, म्हणजे धरणाऱ्यांच्या उजवीकडे हवा, नाहीतर अंक उलटे वाचले जातात. १३ करताना मोठ्यापासून विचारा, ‘१६ हवा का?’ नको, कोरी बाजू. ८ हवा, ४ हवा, २ नको, १ हवा. ठिपके दिसले तर १, कोरी बाजू म्हणजे ०: ०११०१. पुठ्ठा अर्धा झाकायचा नाही, हे आधीच बजावा.

शिवाय या साहित्याचा परवाना सीसी बाय-एसए ४.० हा क्रिएटिव्ह कॉमन्सचा खुला परवाना आहे. श्रेयनिर्देश करून मराठीत आणा, छापा, वाटा. फक्त तुमचं रूपांतरही त्याच परवान्याखाली खुलं ठेवा.