संगणक चुकला, पण नेमका कुठे?

सर, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मी लेखात लिहिलं होतं की धातूंच्या बोरोहायड्राइडची (म्हणजे धातू, बोरॉन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांची) सर्वांत स्थिर स्फटिकरचना संगणक प्रयोगाआधीच सांगतो. तुम्ही मॅग्नेशियम बोरोहायड्राइड पुढे केलंत आणि विचारलंत, की तिथे संगणक सपशेल चुकला, मग पुण्यात पाषाणला आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्मसारखा महासंगणक हवा कशाला? क्ष-किरणांनी मोजा आणि मोकळे व्हा.

माझं वाक्य चुकलंच. संगणक सांगतो ते एवढंच, की समोर ठेवलेल्या रचनांपैकी कुणाची ऊर्जा कमी. जी रचना कुणाला सुचलीच नाही, तिच्याबद्दल तो काय सांगणार? मॅग्नेशियम बोरोहायड्राइडमध्ये वजनाने 14.9 टक्के हायड्रोजन, म्हणून हायड्रोजन साठवू पाहणाऱ्या सगळ्यांचा डोळा त्यावर. सुरुवातीचे गणिती अंदाज लहान युनिट सेलचे (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या मूळ तुकड्याचे) होते, कारण शोध ओळखीच्या संयुगांच्या साच्यांतूनच घेतला जायचा. 2007 मध्ये प्रत्यक्ष रचना मोजली गेली तेव्हा एका युनिट सेलमध्ये 330 अणू निघाले! इथपर्यंत तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

पण गोष्ट तिथे संपत नाही. 2008 मध्ये गणिताने एक वेगळी, विरळ रचना सुचवली आणि तिची ऊर्जा मोजलेल्या रचनेपेक्षाही कमी भरली. म्हणजे आता खरी रचना समोर असूनही निकाल उलटा. हा दोष शोधाचा नव्हता, तो ऊर्जा मोजण्याच्या सूत्रात होता. अशी ऊर्जा ज्या पद्धतीने काढतात त्या नेहमीच्या डेन्सिटी फंक्शनल थिअरीत दूरवरची व्हॅन डर वाल्स ओढ, म्हणजे अणू-रेणूंमधलं क्षीण आकर्षण, नीट धरली जात नाही, आणि ती सुटली की विरळ रचनांचं पारडं उगाच जड होतं. 2011 मध्ये ती ओढ सूत्रात घेतल्यावर प्रयोगात दिसलेली रचनाच वर आली. सर, ही चूक सापडल्यामुळेच या स्फटिकाला कोणती बलं धरून ठेवतात ते कळलं. नुसत्या मोजणीतून ते कळलं नसतं.

आणि मोजणीही एका फटक्यात होत नाही. त्याच 2007 च्या रचनेची सममिती 2009 मध्ये दुरुस्त करावी लागली. क्ष-किरणांना हायड्रोजन जेमतेम दिसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुमचा खरा जोरदार मुद्दा मात्र तुम्ही ओझरताच मांडलात, तो तापमानाचा. लिथियम बोरोहायड्राइड साधारण 110 अंश सेल्सिअसला रचना बदलून षट्कोनी होतं. 2004 मध्ये त्या षट्कोनी रचनेची कंपनं गणिताने तपासली, तर ती अस्थिर ठरली. कात्रजच्या खिंडीत उभं राहिलं तर डावी-उजवीकडे डोंगर चढतात, पण एका अंगाला पुण्याकडे उतार आणि दुसऱ्या अंगाला शिवापूरकडे. शून्य केल्व्हिनच्या, म्हणजे उष्णता अजिबात न धरलेल्या गणितात ती रचना अशी खिंडीत उभी दिसते, जराशा धक्क्याने घरंगळणारी. प्रयोगात तर ती चांगली टिकते! कारण तापलेल्या स्फटिकात बोरोहायड्राइडचे चौफलक (एका बोरॉनभोवती चार हायड्रोजन) सतत दिशा बदलत असतात, आणि त्या गोंधळाची एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचं माप, रचनेला आधार देते. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा असते मोलमागे सुमारे 2.5 किलोज्यूल. दोन रचनांतला फरक याच्या आसपास असेल तर शून्य केल्व्हिनच्या क्रमवारीवर मी पैज लावणार नाही. फरक 50 किलोज्यूल असेल, तर खुशाल लावेन.

हे आकडे मूळ लेखातच यायला हवे होते. ते वाक्य मी आज बदललंय, आणि लिथियमच्या या फिरत्या चौफलकांवर पुढचा लेख लिहायला घेतलाय. छापण्याआधी त्याचा मसुदा तुम्ही तपासून द्याल का?