पैसा नाही म्हणून रडीचा डाव नाही? गेलिक फुटबॉलच्या त्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात काकांनी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, मग तोच शाळेच्या ग्रुपवर आला, मग सोसायटीच्या, आणि परवा चक्क आमच्या डब्लिनच्या मराठी ग्रुपवर, म्हणजे आयर्लंडची गोष्ट पुण्याला जाऊन, फुलं आणि हात जोडलेले इमोजी लावून परत आयर्लंडला आली. तेव्हा म्हणलं आता लिहायलाच पाहिजे.

ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल नावाचा खेळ आहे, खेळाडूंना एक पैसा मिळत नाही म्हणून तिथे चिटिंग नाही. १८८४ पासून हा सभ्य लोकांचा खेळ आहे. २०१३ मध्ये एकाने मुद्दाम फाउल केला तर अख्खा देश चिडला, लगेच ब्लॅक कार्ड आणलं आणि विषय कायमचा संपला. आणि शेवटी नेहमीचं, आयपीएलवाल्यांनी शिका काहीतरी, खिलाडूवृत्ती संस्कारातून येते, नियमातून नाही.

काका, राग मानू नका, पण यातलं खरं तेवढं पहिलं अर्धं वाक्य.

ते अर्धं आधी देऊन टाकतो. पैसा खरंच नाहीये. प्रवासखर्च मिळतो, थोडंफार अनुदान असतं, पण पगार नाही. डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियममध्ये ८२ हजार लोकांसमोर फायनल खेळलेला माणूस त्याच आठवड्यात शाळेत गणित शिकवत असतो, हे मी इथे राहून बघतोय आणि मला त्याचं अजूनही अप्रूप आहे. पण पैसा नाही म्हणून चिटिंग नाही, हे कुठलं लॉजिक? आपल्या गल्ली क्रिकेटमध्ये कुणाला मानधन असायचं? तरी आउट असून बॅट न सोडणारे, स्कोअर लिहिताना दोन रन वाढवणारे, बॉल आपला म्हणून डाव मोडून घरी जाणारे सगळे तिथेच भेटले ना आपल्याला. इथे तर पणाला काउंटी असते, म्हणजे आपल्याकडचा जिल्हा, मोठ्या स्पर्धेतल्या टीम काउंटीच्याच. पैसे टाकून खेळाडू विकत घ्यायचा बाजार नाही, बहुतेक जण जिथले असतात तिथूनच खेळतात, त्यामुळे हरलात तर पुढचं वर्षभर दूध आणायला गेलं तरी दुकानदार तोच विषय काढतो. माणूस पैशासाठी जेवढा रडीचा डाव खेळतो त्याच्या दुप्पट गावाच्या इज्जतीसाठी खेळतो.

आता हिशोब समजावा म्हणून खेळ दोन ओळीत. एका बाजूला १५ खेळाडू, बॉल हातात घेता येतो, पण चार पावलांपेक्षा जास्त नुसता धरून पळता येत नाही, मध्ये टप्पा द्यायचा किंवा पायावर मारून परत हातात घ्यायचा. गोलपोस्ट इंग्रजी एचसारखा. दांडीखालून जाळीत गेला तर गोल, म्हणजे ३ पॉइंट, वरून गेला तर १ (२०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारला तर २). आणि मेन गोम ही की पळणाऱ्याकडून बॉल कायदेशीर काढून घेणं महाकठीण. उघड्या तळहाताने बॉलवर मारायचं किंवा खांद्याला खांदा द्यायचा, बस. त्यामुळे समोरचा एकदा सुटला की डिफेंडरकडे सोपा उपाय एकच उरतो, धर आणि पाड. गोल गेला असता तर ३, फाउल केला तर फ्री किकवर बहुतेक १. दोन पॉइंटचा निव्वळ फायदा. याला इथे सिनिकल फाउल म्हणतात, म्हणजे रागाच्या भरात नाही, थंड डोक्याने हिशोब करून केलेला.

हा आकडा लक्षात ठेवा. मला जे म्हणायचंय ते सगळं या दोन पॉइंटमध्ये आहे.

१८८४ पासून सभ्य लोकांचा खेळ, हे तर फारच झालं. १९८३ ची ऑल आयर्लंड, म्हणजे अख्ख्या देशाच्या स्पर्धेची, फायनल बघा, डब्लिन विरुद्ध गॉलवे. रेफरीने चार जणांना बाहेर काढलं, डब्लिनचे ३ आणि गॉलवेचा १. डब्लिन १२ जणांवर खेळून १-१० विरुद्ध १-८ ने जिंकलं (पहिला आकडा गोल, दुसरा पॉइंट, असं वाचायचं). डब्लिनचे लोक त्या १२ जणांना येशूच्या बारा शिष्यांची उपमा देतात आणि बाकीचा देश त्या मॅचला लाजिरवाणी म्हणतो. तेव्हा ना आजच्यासारखे डेटावाले कोच होते ना व्हिडिओ अ‍ॅनालिसिस. पूर्वीचे लोक देवमाणसं होते हे प्रत्येक देशातल्या काकांना वाटतं बहुतेक.

आता २०१३. हा भाग फॉरवर्डमध्ये सगळ्यात जास्त तिखटमीठ लावून आलाय.

३ ऑगस्ट २०१३, क्रोक पार्क, क्वार्टर फायनल, टिरोन विरुद्ध मोनाहन. मोनाहनचा कॉनर मॅकमॅनस बॉल घेऊन सुटला, पुढे जवळजवळ फक्त गोलकीपर. टिरोनचा शॉन कॅव्हना मागून आला आणि त्याने त्याला कबड्डीत रेडरला घालतात तशी मिठी घालून सरळ आडवा केला. बॉलकडे बघायचा प्रयत्नसुद्धा नाही. आपल्याकडे याला पॉइंट देऊन टाळ्या वाजवल्या असत्या, इथे मिळालं यलो कार्ड. म्हणजे कॅव्हना मैदानातच राहिला, संभाव्य गोल टळला, आणि टिरोन ०-१४ विरुद्ध ०-१२ ने जिंकलं. फरक किती? दोन पॉइंट.

मॅचनंतर टीव्हीवर जो ब्रॉली, जो स्वतः डेरीकडून १९९३ ला ऑल आयर्लंड जिंकलेला आणि पेशाने वकील, असा काही तापला की माणूस म्हणून कॅव्हनाला विसरून जा, अशा अर्थाचं बोलून गेला. ती क्लिप आजही फिरते. पण देश चिडला म्हणून लगेच ब्लॅक कार्ड आलं, हे साफ उलटं आहे. ब्लॅक कार्डचा ठराव त्याच वर्षी मार्चमध्ये डेरीच्या काँग्रेसमध्ये पास झाला होता, म्हणजे हा फाउल होण्याच्या चार महिने आधी. काँग्रेस म्हणजे इथल्या असोसिएशनची वार्षिक सभा, निवडणुकीवाली नाही. यूजीन मॅकगी यांच्या समितीने आधी अभ्यास करून तो प्रस्ताव मांडला होता, फक्त लागू व्हायचा होता १ जानेवारी २०१४ पासून. त्यामुळे त्या ऑगस्टमध्ये चित्र असं होतं की गुन्हा ठरलाय, शिक्षाही ठरलीये, पण अंमल जानेवारीपासून. एखाद्या हुशार माणसाने त्या मधल्या काळात काय करावं? कॅव्हनाने तेच केलं. मला तो फाउल आवडला नाही, पण ब्रॉलीचंही मला पटत नाही, कारण यलो कार्डला गोल वाचत असेल तर दोष आधी भावपत्रकाचा, मग गिऱ्हाइकाचा.

विषय कायमचा संपला म्हणे. संपला कुठे. पहिल्या ब्लॅक कार्डमध्ये भोक एवढं मोठं होतं की त्यातून बस जाईल. मुद्दाम पाडलं की खेळाडू उरलेल्या मॅचसाठी बाहेर, पण त्याच्या जागी बदली खेळाडू आत. म्हणजे टीम पंधराचीच. ७० मिनिटांच्या मॅचमध्ये ६९ व्या मिनिटाला दमलेल्या माणसाने फाउल करून बाहेर जायचं आणि ताज्या दमाचा आत यायचा, ही शिक्षा की सोय?

आणि त्याचा कळस २०१७ च्या फायनलला, डब्लिन विरुद्ध मेयो. मी तेव्हा इथे नवीन होतो, ऑफिसातल्या लोकांबरोबर पबमध्ये बघितली, आजूबाजूला सगळे डब्लिनवाले आणि कोपऱ्यात एक मेयोची म्हातारी बाई ग्लासला हात न लावता बसलेली. एक्स्ट्रा मिनिटं चालू, स्कोअर बरोबरीत, डब्लिनला फ्री. डीन रॉक मारायला उभा (१९८३ च्या त्या फायनलमध्ये डब्लिनचा गोल मारणारा बार्नी रॉक म्हणजे याचे वडील, हे मला शेजारच्याने त्या टेन्शनमध्ये पण सांगितलंच). रॉक पळत आला, आणि मेयोच्या ली कीगनने काय करावं, तर पाठीवर जर्सीखाली जीपीएसचं यंत्र असतं ना काडेपेटीएवढं, ते काढून रॉकच्या वाटेत भिरकावलं. किक तरी वरून गेली. डब्लिन एकने पुढे. आता मेयोच्या गोलकीपरने बॉल परत खेळात आणायचा, सेकंद उरलेले, आणि त्याने मान वर करून बघितलं तर ज्याला द्यावा तो माणूस जमिनीवर. डब्लिनवाल्यांनी मेयोच्या माणसांना धरून खाली पाडलं होतं, बॉल तिथे नसताना. डब्लिनच्या किरन किलकेनीला ब्लॅक कार्ड मिळालं. त्याने काय फरक पडणार होता? मॅच संपली, १-१७ विरुद्ध १-१६, डब्लिन सलग तिसऱ्यांदा चॅम्पियन. पबमध्ये कुणीही डब्लिनवाल्यांना नावं ठेवली नाहीत, आणि ती मेयोची बाई एवढंच म्हणाली की आमच्यांनी पण हेच केलं असतं. हे मात्र मला त्या रात्री फार खुपलं.

मधल्या एका किश्शाशिवाय राहवत नाही. २०१५, परत क्वार्टर फायनल, परत टिरोन आणि मोनाहन. मोनाहनच्या डॅरन ह्यूजने टिरोनच्या टिअरनन मॅकॅनचे केस नुसते विस्कटले, आपण भाच्याचे विस्कटतो तसे, आणि मॅकॅन गोळी लागल्यासारखा कोसळला. ह्यूजला रेड कार्ड! मॅकॅनला नंतर आठ आठवड्यांची बंदी सुचवली होती, ती पण उडाली. अमॅच्युअर खेळ, सभ्य लोक, वगैरे वगैरे.

भोक हळूहळू बुजवत आणलंय ते असं. २०२० पासून ब्लॅक कार्ड म्हणजे १० मिनिटं बाहेर आणि बदली खेळाडू नाही, टीम चौदावर. चांगलं झालं, पण शेवटच्या दोन मिनिटांत दहा मिनिटांची शिक्षा काय उपयोगाची? म्हणून २०२१ ला पुढचं पाऊल, गोलची सरळ संधी असताना २० मीटर रेषेच्या आत किंवा तिच्या पुढच्या अर्धवर्तुळात असा फाउल केला तर कार्ड आहेच, वर थेट पेनल्टी. आता धरून पाडलं तरी ३ पॉइंट जायची भीती कायम, मग कशाला पाडा? २०२५ च्या सीझनला जिम गॅव्हिनच्या समितीने अजून पुढची मजल मारली. गंमत म्हणजे २०१७ ला डब्लिनचा मॅनेजर हाच होता, कुलपाला कुठून उचकटतात हे याच्याइतकं कुणाला माहीत असणार. आता फाउल झाला की ज्याच्यावर झाला तो न थांबता तसाच पळत सुटू शकतो, त्यामुळे नुसता वेग तोडायला केलेले छोटे फाउल वाया जातात. फाउल करून बॉल दाबून धरला किंवा रेफरीशी हुज्जत घातली की फ्री ५० मीटर पुढे. मी पहिल्यांदा ते मैदानात बघितलं तेव्हा एक धिप्पाड डिफेंडर बॉल गरम तव्यासारखा हातातून टाकून मागे सरकला, शाळेत सर आल्यावर मॉनिटर सरकतो तसा. त्याच्यावर एका हिवाळ्यात कुठले नवीन संस्कार झाले नव्हते हो काका.

आणि हे सगळं पुरुषांच्या खेळात उशिरा आलं. बायकांच्या गेलिक फुटबॉलमध्ये यलो कार्डला १० मिनिटं बाहेर बसायचा नियम त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. फॉरवर्डमध्ये बायकांच्या खेळाचा उल्लेखच नाही, त्याचं काही आश्चर्य नाही वाटलं.

आता संस्कार. माझी लेक इथल्या क्लबमध्ये खेळते, अंडर १२. मागच्या हिवाळ्यात एका मॅचला, पाऊस आडवा लागलेला, आम्ही सगळे पालक थर्मास धरून कुडकुडत उभे, शेवटची दोन-तीन मिनिटं, आम्ही एका पॉइंटने पुढे. समोरची एक पोरगी बॉल घेऊन सुटली आणि आमच्या कन्येने मागून तिची जर्सी मुठीत धरून खेचली, दोघी चिखलात. मी लाजेने अर्धा झालो. आणि शेजारी उभे असलेले एक आजोबा, रविवारी न चुकता चर्चला जाणारे, माझ्या कानाशी हळूच म्हणाले, चांगला फाउल होता. गाडीत मी लेकीला विचारलं का गं असं केलंस, तर ती मोजे काढता काढता म्हणते, बाबा, गोल गेला असता ना. घरात शुभंकरोती म्हणणारी मुलगी आहे. दोन पॉइंटचा हिशोब तिला कुणी शिकवला नव्हता.

तरी काकांची बाजू अगदीच फोल नाही, कारण काही गोष्टी खरंच नियमात बसत नाहीत. १९९५ ला लीश आणि कार्लोच्या मॅचमध्ये लीशला जिंकवणारा पॉइंट मुळात पोस्टच्या बाहेरून गेला होता, रिझल्ट लागलेला होता, आणि लीशने स्वतःहून कार्लोला सांगितलं की परत खेळू. खेळले, आणि लीशच जिंकलं. हे फॉरवर्डमध्ये असतं तर मी स्वतः चार ग्रुपवर पाठवलं असतं.

पण मग २०१० ची लेन्स्टर फायनल, म्हणजे आयर्लंडच्या पूर्वेकडच्या प्रांताची, पण सांगावी लागेल. लाऊथ १९५७ नंतर पहिल्यांदा जिंकायला आलेलं, शेवटच्या क्षणी एका पॉइंटने पुढे, आणि मीथच्या जो शेरिडनने बॉल हातात धरून रेषेपलीकडे नेला. स्पष्ट फाउल, टीव्हीवर सगळ्यांनी बघितला, रेफरीने गोल दिला. मीथ १-१२, लाऊथ १-१०. लाऊथचे लोक मैदानात घुसले, रेफरीला धक्काबुक्की झाली, जी अजिबात व्हायला नको होती. लीशसारखी परत खेळायची ऑफर मीथ देऊ शकलं असतं. दिली नाही, कप घेऊन गेले.

लाऊथला तो कप मिळायला मे २०२५ उजाडलं. फायनलला समोर मीथच होतं.