खूण पान 47 वर

दर महिन्याच्या एक तारखेला मी कोणी वेगळीच बाई असते. डायरी काढते, वर ठळक अक्षरात 'या महिन्यातलं वाचन' असं लिहून खाली दुहेरी रेघ मारते (फळ्यावर मारून मारून हाताला सवयच लागलीये) आणि पाच पुस्तकांची नावं लिहिते. एक कादंबरी, एक चरित्र, एक कवितासंग्रह कारण तो पातळ असतो, एक आपल्या विषयाचं म्हणजे जरा ज्ञानात भर, आणि एक जाडजूड ग्रंथ जो गेले चौदा महिने यादीत आहे, तो आता यादीतलं पुस्तक राहिलेला नाही, यादीचा लेटरहेड झालाय.

यादी झाली की मी हिशोब मांडते, आणि हिशोब नेहमी माझ्याच बाजूने लागतो हीच तर गंमत आहे. मोठी माणसं इंग्रजी वाचताना मिनिटाला साधारण 238 शब्द वाचतात असं 2019 च्या एका अभ्यासात आलं होतं. मराठीचं जाऊ दे, मी तोच आकडा धरला. 75 हजार शब्दांचं पुस्तक म्हणजे 315 मिनिटं, भागिले 30 दिवस, म्हणजे रोज फक्त साडेदहा मिनिटं! साडेदहा मिनिटं तर मी चष्मा शोधण्यात घालवते. पाच पुस्तकं म्हणजे जेमतेम पाऊण तास, किंवा फार तर त्याहून थोडा जास्त. एवढं सोपं असताना आपण आजवर अडाण्यासारखं का वागलो याचं वाईट वाटून मी त्या रात्री लवकर झोपते. वाचन उद्यापासून.

दोन तारखेला ऑफ तास असतो. पुस्तक पर्समधून निघतं, मांडीवर येतं, पान उघडतं आणि दारात शिपाईदादा उभे, "मॅडम, नववी क मध्ये प्रॉक्सी आहे." मला कधीकधी खरंच वाटतं की पुस्तकाचं पान उघडल्याचा आवाज ऑफिसात घंटीसारखा वाजत असणार. कारण नुसतं बसून राहिलं तर कोणी येत नाही हो, मी करून बघितलंय.

मग ऑडिओबुक करून बघितलं. कामं करता करता ऐकायचं, सगळे म्हणतात फार सोयीचं पडतं. रात्री कपड्यांच्या घड्या घालताना लावलं, पहिल्या प्रकरणात एका घराण्यातली सात-आठ माणसं आली, मी भिंतीला जरा टेकले, डोळे उघडले तेव्हा बारावं प्रकरण चालू होतं आणि कोणीतरी वारलं होतं. कोण ते कळेना, पण सगळे इतके रडत होते की मागे जाऊन विचारणं मला बरं दिसेना.

आता मी वाचतच नाही असं कोणी म्हणालं तर मात्र मी भांडेन. चार तुकड्या, प्रत्येकी 55 मुलं, म्हणजे 220 पेपर, सरासरी आठ पानं धरली तरी 1760 पानं होतात, तीनशे पानी जवळजवळ सहा कादंबऱ्या झाल्या की! फक्त 220 लेखकांनी कथानक एकच घेतलंय, प्रकाशसंश्लेषण. सूर्यप्रकाश, पाणी, कार्बन डायऑक्साइड ही पात्रं, हरितद्रव्य हा नायक, शेवटी ग्लुकोज तयार होतं आणि ऑक्सिजन बाहेर पडतो. रहस्य काही उरलेलं नसतं, तरी प्रत्येक वेळी शेवटपर्यंत वाचावं लागतं, न जाणो कोणी शेवट बदलला असेल. एकाने बदललाच होता. त्याच्या उत्तरात झाड दिवसभर अन्न तयार करून दमतं आणि 'नंतर त्याला कोणी विचारत नाही' असं शेवटचं वाक्य होतं. मार्क देता आले नाहीत, पण वर्षभरात वाचलेलं सगळ्यात भारी वाक्य तेच.

मध्यंतरी एस. आर. रंगनाथन यांच्याबद्दल वाचलं (मोबाईलवर, एका कंटाळवाण्या मीटिंगमध्ये, शेवटच्या बाकावर बसून). ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम लिहिणारे हे गृहस्थ मुळात गणिताचे शिक्षक. 1924 मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि तिथला एकांत त्यांना इतका असह्य झाला की मला परत शिकवायला पाठवा म्हणाले! मी ते वाक्य दोनदा वाचलं. भोवती हजारो पुस्तकं, शांतता, घंटा नाही, प्रॉक्सी नाही, आणि माणूस वर्गात परत जायला निघालाय. पुढे लंडनला जाऊन शिकून आल्यावर त्यांचा सूर बदलला आणि 1931 मध्ये ते पाच नियम पुस्तकरूपात आले. त्यातला चौथा नियम म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा. हा स्टाफरूममध्ये लावावा असं फार मनात आहे. पाचवा, ग्रंथालय ही वाढत जाणारी सजीव गोष्ट आहे, तो माझ्या उशाशी सिद्ध झालेलाच आहे. तिथला ढीग एवढा वाढलाय की घड्याळ दिसत नाही, गजर बंद करायला हात घातला की कविता अंगावर येतात.

तर या महिन्यात काय झालं, मी वर्गात वाचनावर छान बोलले. रोज दहा मिनिटं तरी वाचा रे, वेळ मिळत नसतो, काढावा लागतो वगैरे. पहिल्या बाकावरची एक मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुमच्या पर्समध्ये दिवाळीच्या आधीपासून तेच पुस्तक आहे." वर्गात जी शांतता पसरली ती एरवी मी ओरडूनही पसरत नाही. मी म्हटलं, बाळा, काही पुस्तकं पुरवून पुरवून वाचायची असतात. तर म्हणे, मग मला देता का?

दिलं. द्यावंच लागलं, आत्ताच भाषण झालं होतं ना.

चौथ्या दिवशी परत घेऊन आली. पुस्तकाला कव्हर घातलेलं, कोपरे सरळ केलेले, आणि चेहऱ्यावर तो भाव, ज्याला शेवट माहीत असतो त्याचा. मी घाईघाईने म्हटलं काही सांगू नकोस हं. "नाही सांगत," ती म्हणाली, मग जाता जाता मागे वळून, अगदी धीर दिल्यासारखं, "आणि मॅडम, तुमची खूण मी हलवली नाहीये, पान 47 वरच आहे."